सगुणाबाईंचे तेहतीस अनारसे

कृष्णाकाठी आंबेगोठण नावाचे गाव आहे. तिथल्या घाटावरच्या ओवरीत हरबाजी महाराजांनी सात चातुर्मास काढले. त्यांतल्या चौथ्या वर्षी श्रावण अधिक आला, आणि त्या महिन्यात जे घडले ते गावच्या लेकीसुना अजून अनारसे थापताना एकमेकींना सांगतात. भाविकहो, सांगताना त्यांचा ऊर भरून येतो तो उगाच नव्हे!

गावात सगुणाबाई नावाची विधवा कोष्टीण होती. धन्यामागे एकटीने माग चालवून तिने लेकीला, कृष्णीला, वाढवले आणि चांगल्या घरी दिले. आता जावयाचा पहिला धोंड्याचा महिना आला, आणि वाणाला द्वादशी ठरली. अधिकात जावयाला नारायण मानून तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे ही आपली रीत. एक जरी कमी पडला तरी वाण अपुरे, आणि पहिलेच वाण अपुरे गेले तर लेकीला सासरी खाली मान घालून वावरावे लागणार.

पण सगुणाबाईने हात पसरला नाही. महाराजांनी एकदा कीर्तनात सांगितले होते, "सण रोजच्या घासातून साठवावा. मग देवापुढे जातो तो आपल्याच घरचा घास." ते तिने मनावर घेतले. गुढीपाडव्यापासून ती रोज भाताचे तांदूळ घेतले की मूठभर मागे ठेवी. नवे लुगडे तिने टाळले, वाणाचे ताट कृष्णीच्या लग्नातलेच घासून लख्ख केले. तीन दिवस तांदूळ भिजवले, कांडले, चाळले, गूळ मिसळला, आणि पीठ मडक्यात मुरत ठेवले. मडक्यावर फडके बांधताना तिला वाटले, आपण राणी आहोत राणी!

त्याच गावात गुळाच्या अडतवाल्यांच्या अंबूताई राहत. त्यांच्याही जावयाचे वाण त्याच द्वादशीला, आणि वर शंभर पानांची पंगत. ओवरीत चार बायकांदेखत त्या म्हणाल्या, "काय गं सगुणे, मुठीमुठीने सण साठवतेस म्हणे! आमच्याकडे कोठीत गुळाच्या ढेपांनी पाय ठेवायला जागा नाही. जावई म्हणजे काय दारची चिमणी आहे, मूठभर टाकायला?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सगुणाबाईचा चेहरा लाल झाला, पण मान खाली गेली नाही.

"मूठ माजी हाय, ताई," ती म्हणाली. "त्येची मला लाज न्हाई."

महाराज जपमाळ थांबवून म्हणाले, "सगुणाबाई, द्वादशीला आम्ही तुमच्याकडे जेवायला येणार."

द्वादशी उजाडली. सगुणाबाईने सोवळ्याने अनारसे तळले. मंद आच, खसखशीची बाजू वर, एकेक जाळीदार, तांबूस. तेहतीस बरोबर झाले. मडक्याच्या तळाला बोटभर पीठ चिकटून राहिले. जावई नदीवर स्नानाला गेले होते. कृष्णी ताटात अनारसे रचत होती, आणि तिच्या तोंडावरचे तेज आईला पुरेपूर पावले.

इतक्यात मागच्या दाराशी बांगड्या वाजल्या. अंबूताई! पदर कपाळापर्यंत ओढलेला, डोळे सुजलेले, हातात रिकामी टोपली.

"सगुणे, घात झाला गं! आचारी नको म्हणत होता. मीच म्हटले, आपल्या घरी गुळाला काय तोटा, घाल आणखी दोन ढेकळे. आता एकेक अनारसा तुपात पडला की विरघळतोय. घाण्यामागून घाणा गेला, कढईत नुसता चोथा. व्याही पाटावर बसलेत. तुझे तेहतीस मला दे. म्हणशील ते देते."

"विकायला न्हाईत माजे अनारसे," सगुणाबाई ताडकन म्हणाली. कृष्णीने ताट उराशी धरले.

तेवढ्यात पुढल्या दाराने महाराज आत आले. त्यांनी अंबूताईंकडे पाहिले, ताटाकडे पाहिले.

"सगुणाबाई, हे तेहतीस यांना द्या. विकू नका, द्या."

"आन् माजी लेक, म्हाराज?"

"तिचे अजून तळायचे आहेत."

सगुणाबाईची नजर ताटावरून हलेना. चार महिन्यांच्या मुठी त्या ताटात होत्या! आणि मडक्यात तर खरवडून एक गोळा निघाला असता. पण महाराजांचा शब्द होता. तिने लेकीच्या हातून ताट घेतले आणि अंबूताईंच्या टोपलीत सगळे अनारसे आपल्या हाताने रचून दिले. मग डोळे पुसून तिने मडक्यात हात घातला.

हाताला गोळा लागला. थापला, तुपात सोडला, फुलला. पुन्हा हात घातला, पुन्हा गोळा! दहा झाले, वीस झाले. कृष्णी मोजता मोजता रडू लागली. टोपली काखेला मारून निघालेल्या अंबूताईंचे पाय उंबऱ्याशीच खिळले. तेहतिसावा ताटात पडला आणि मडके कोरडे ठणठणीत झाले. काय ही महाराजांची लीला!

जावई स्नान करून आले तेव्हा ताट भरलेले होते, आणि सासूबाईंनी त्यांना ताठ मानेने वाण दिले.

अंबूताई घरी गेल्या. भरल्या पंगतीत व्याह्यांनी अनारसा मोडून विचारले, "वा! असा हात कोणाचा?" खोटे बोलायला कोणी अडवले नव्हते. पण अंबूताई उठल्या आणि शंभर पानांसमोर म्हणाल्या, "आमचे सगळे बिघडले. हे सगुणाबाईंच्या मुठीतले आहेत."

तशाच त्या अनवाणी कोष्ट्याच्या आळीत आल्या आणि महाराजांच्या पायांवर कोसळल्या. महाराज पाय मागे घेऊन म्हणाले, "आम्ही तर नुसते जेवायला आलो. पीठ कोणाचे होते?"

अंबूताई वळल्या. ज्या बाईचे त्यांनी चारचौघींत हसे केले होते, तिच्या पिठाने माखलेल्या पावलांवर त्यांनी डोके ठेवले.

सगुणाबाईने त्यांना दोन्ही हातांनी उठवले. "उठा ताई," ती म्हणाली, "म्हाराजांचं पान वाढायचं हाय. तुमीबी हात लावा."