कमी खाणारी गाडी

आमच्या गावात एक भोळा गडी होता. त्याचं नाव सांगत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढं पुरे. हो, माझाच नवरा तो. एरवी मी 'अहो' म्हणते, गोष्टीपुरतं 'तो' म्हणते. गाव त्याला तात्या म्हणायचं. आणि या भोळ्याची बायको फार शहाणी होती. असं तिचं तिलाच वाटायचं.

आम्हाला एकच लेक, वैजू. दिली लांब, डोंगरापलीकडं. सारखं जाणं-येणं, आणि एसटीत बसून बसून भोळ्याची कंबर धरायची. त्यात वैजूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी. सातवा महिना सरायच्या आत लेक आणायची, आठवा लागला की तिला हलवायची नाही, ही आमच्याकडची रीत. आता पोटुशी पोर खडखडत्या एसटीत कशी घालायची? गाडी घ्यायची ठरली.

मी सांगितलं, "गाडी आरामाची बघा. आधी बसून बघा. घाई करू नका."

"बरं," म्हणाला.

गेला तालुक्याला, अल्ताफभाईच्या जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर. एका गाडीत बसला. बसूनच राहिला. भाकरी तिथंच खाल्ली. डुलकी काढली. उन्हं कलली तेव्हा अल्ताफभाई काचेवर टकटक करायला लागला.

"तात्या, झालं का बघून?"

"बसून बघतोय. घाई करू नको म्हणालीय ती."

"अहो, बसून काय कळतंय? पळवून बघा! खड्ड्यातनं घाला! तेव्हा कळेल कंबर धरते का नाही."

भोळ्याला पटलं. गाडी पळवली, खड्ड्यातनं घातली. पोटातलं पाणी हललं नाही. अल्ताफभाई म्हणाला, "शिवाय तेलाला कमी. गाडी कशी, कमी खाणारी तीच चांगली." गाडी घेतली.

गाडी दारात आली. मी ओवाळली. म्हटलं, "आता बाळंतिणीला बाज लागेल. केरबा सुताराकडं जा. नीट पारखून आणा."

संध्याकाळी आला तर हातात दोर आणि काखेत बाजेचे चार पाय.

"अहो, हे काय?"

"गाडीमागं बांधून पळवून बघितली. खड्ड्यातनं घातली. दुसऱ्याच खड्ड्यात गेली. बरं झालं बाई, आधीच बघितली."

"आणि केरबा काय म्हणाला?"

"तो मागनं पळत होता. काय म्हणत होता ते ऐकू आलं नाही."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "पळवून बघायची ती गाडी! प्रत्येक गोष्ट पळवायची नसते. जाऊ दे. बाळंतिणीला दूध लागेल. बाजारातनं गाय आणा. पळवू नका."

गाय आणली. हाडं मोजून घ्यावीत अशी.

"काय बघून घेतलीत?"

"बाकीच्या गाई मचामचा चरत होत्या. ही एकटी चाऱ्याकडं ढुंकूनही बघेना. म्हटलं, कमी खाणारी तीच चांगली."

"आणि दूध?"

"ते कुठं विचारायचं? गाडीच्या वेळी कुणी विचारलं होतं?"

तुम्ही हसाल. पण दुसऱ्या दिवशी चरवी घेऊन त्या गाईखाली मीच बसले होते. सकाळपासनं दुपारपर्यंत.

होता होता सातव्याचा शेवटचा दिवस आला. आज लेक आणली तर आणली, नाहीतर बाळंतपण तिकडंच. मी ओटीचं सामान बांधलं, नारळ घेतला. जाताना तालुक्याला हवा भरली, तेव्हा अल्ताफभाईनं खिडकीत वाकून सांगितलं, "तात्या, ध्यानात ठेवा. ओझं कमी, तेवढं तेल कमी. आणि थांबत थांबत जाऊ नका. थांबलं की गाडी जास्त पिते."

घाट लागला. गाडी घुरघुरायला लागली. भोळ्यानं माझ्याकडं बघितलं. खालपासनं वरपर्यंत बघितलं.

"तू जरा उतर. चढ पायी चढ. वर बस की परत."

मी उतरले. शहाणी ना! धापा टाकत वर आले, तर गाडी कुठंय? खाली पार दुसऱ्या पायथ्याला. थांबलं की जास्त पिते ना!

विहीणबाई दारातच उभ्या. "तात्या, वैजूची आई कुठंय?"

"वाटेत उतरवली. गाडी काय पळाली म्हणून सांगू!"

"आणि ओटी कोण भरणार? आई आल्याशिवाय मी सून धाडायची नाही."

तेवढ्यात मी पोचले, दुधाच्या टेम्पोतनं, किटल्यांच्या मधे बसून, नारळ पोटाशी धरून. तोंडाचा पट्टा सुटला माझा. "अहो, माणसं रस्त्यात टाकून तेल वाचवतात होय? पुन्हा ओझं झालं तर दुसऱ्याला नाही उतरवायचं. स्वतः उतरायचं!"

"बरं," म्हणाला.

ओटी भरली. वैजूला मागं बसवली, मी तिच्याशेजारी. विहीणबाईंनी तांदळाचं पोतं घातलं. निघालो. आला घाट. घुरघुरली गाडी. भोळ्यानं गाडी उभी केली, चाकाला दगड लावला, चपला झटकल्या आणि चढाला लागला. मागं वळून म्हणाला, "या आता दमानं!"

वैजू म्हणाली, "आई, तात्या कुठं चालले?"

"ओझं कमी केलं गं त्यांनी. बस गप. आता निघेल गाडी."

बसलो. सीट मऊ, वारा छान. बराच वेळ बसलो. तेल एक थेंब जळत नव्हतं, हे मात्र खरं.

मग वैजूच म्हणाली, "अगं आई, पण चालवणार कोण?"

खरंच की! माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

वैजू लग्नाआधी शेतात ट्रॅक्टर चालवायची. उठली, पुढं जाऊन बसली, सीट मागं सरकवली, पोट सांभाळलं आणि चावी फिरवली. मी दगड काढला. गाडी चढली.

घाटमाथ्यावर भोळा दगडावर बसलेला. आम्हाला बघून टाळ्याच पिटायला लागला. "बघा! हलकी झाली की कशी येते!"

"आई, थांबवू?" वैजूनं विचारलं.

तो दोन्ही हात हलवत ओरडला, "थांबू नका! थांबलं की जास्त पिते!"

मी म्हटलं, "ते सांगतायत ना, नको थांबवू."

दिवेलागणीला लेक माहेरी पोचली. सातवा सरायच्या आत. भोळा पोचला दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर. चपला हातात, कंबर धनुष्यासारखी वाकलेली. उंबऱ्यावर टेकला, घोटभर पाणी प्यायला, आणि गाडीकडं बघून म्हणाला,

"लई आरामाची गाडी मिळाली गं. तेल किती लागलं?"