दोराला हात

आमच्या किनाऱ्यावर अजून रापण ओढली जायची, तेव्हाची गोष्ट. त्या लांबलचक जाळ्याच्या दोराला जो हात लावील, त्याला माशांचा वाटा मिळे. मग तो कुणीही असो.

एका सकाळी नव्या हॉटेलाचे मालक राजाध्यक्ष तणतणत आले. "तांडेला, या वासाने माझे पाहुणे पळतील. हे सगळे रापणकर इथून हाकल!"

रापणीचा म्होरक्या, म्हातारा लवू तांडेल शांतपणे म्हणाला, "सायबानू, जेणां दोर धरल्यान तो रापणकार. त्येंतले निम्मे तुमच्याच हाटेलातले. आदी तेंका हाकलतास काय?"

राजाध्यक्षांनी पाहिलं. त्यांचे पाहुणे कमरेपर्यंत भिजून, आरडाओरडा करत दोर ओढत होते. मग मालकांनीही बूट काढून दोर धरला.

आता रापण बंद पडलीय. तो दोर हॉटेलात भिंतीवर टांगलाय. खाली पाटी आहे : 'हात लावू नये.'