तागाचे दोन दोर

लढाई नसतानाही थोरल्याला धनुष्यावर ताणून का ठेवलं?

तिरंदाज चिलखताऐवजी कापूस भरलेली बंडी घालत असत, त्या जुन्या काळी धनुष्याला लावायच्या तागाच्या एका धाकट्या दोराने हे सगळ्यांना विचारलं. थोरला भाऊ तुटला होता आणि आता ऐन लढाईत त्याच धनुष्यावर याला चढवलं.

"माझ्यावर बाण चढू दे, मुद्दाम तुटतो!" तो धनुष्यावर खेकसला. "मग बस बोंबलत!"

"तूट की," तिरंदाजाच्या अंगावरची बंडी म्हणाली. "पण तो बघ, भालेवाला धावत येतोय. माझ्यात कापूस उरलाय मूठभर. भाला थेट आपल्या तिरंदाजाच्या छातीत जाईल. तुझा दादासुद्धा बाण सुटल्यावरच तुटला, पोरा."

तिरंदाजाने दोर कानापर्यंत ओढला. दोर टिकावा म्हणून लावतात ते मेण धाकट्याने रागाच्या भरात अंगाला लागू दिलं नव्हतं. त्याचे धागे तटतट तुटू लागले. तरी भालेवाल्यावर बाण सुटेपर्यंत त्याने शेवटचा पीळ उकलू दिला नाही.