अर्थिंगच्या खड्ड्यातलं मीठ

एकदा एक वृद्ध वस्ताद एका तालुक्याच्या गावी राहत होते. विजेच्या कामात त्यांची सारी हयात गेली होती आणि तालुक्यातले निम्मे वायरमन त्यांच्याच हाताखाली तयार झाले होते. आता ते शिडी चढत नसत. त्यासाठी त्यांचा एक शिष्य होता. शिष्य हुशार, कष्टाळू आणि थोडा मानी. मानी माणसाला चूक कबूल करायला वेळ लागतो, हे आपण सगळेच स्वानुभवाने जाणतो.

त्याच गावात एक कापडाचे व्यापारी होते. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांच्या आईंचा उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टरांनी बोटांचा व्यायाम सांगितला, पण रबरी चेंडू दाबून दाबून आजी कंटाळल्या. मग नातीने आपल्या गेमिंग कन्सोलचा कंट्रोलर त्यांच्या हाती दिला. टीव्हीच्या पडद्यावर मोटार पळवता पळवता आजींच्या बोटांत बळ येऊ लागले, आणि चार महिन्यांत त्या स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला धरू लागल्या. त्या दिवशी घरात शिरा झाला.

असा कन्सोल जपायलाच हवा, म्हणून व्यापाऱ्यांनी शिष्याकडून सर्ज प्रोटेक्टर बसवून घेतला. वीज अचानक उसळली तर तिचा तडाखा यंत्रापर्यंत पोचू न देणारी ही पट्टी. शिष्याने चांगल्यातली निवडली आणि आता काळजी नको असे छातीठोकपणे सांगितले. पुढे एका वादळी दुपारी वीज क्षणभर उसळली आणि कन्सोल जळाला.

व्यापाऱ्यांनी शिष्याला चारचौघांत नाही नाही ते सुनावले. त्याने ते गिळले आणि वस्तादांना काहीच कळू दिले नाही. पंधरा दिवस तो नीट जेवलाही नाही. इकडे नवा कन्सोल आला, पण तो खोक्यातून बाहेर काढण्याचा धीर कोणाला होईना, आणि आजींची बोटे पुन्हा आखडू लागली. शेवटी व्यापारी स्वतःच वस्तादांकडे गेले. वस्ताद शिष्याला घेऊन निघाले.

आता वस्ताद पट्टी खोलून दोष दाखवणार, या भीतीने शिष्य मान खाली घालून उभा होता. वस्तादांनी पट्टीकडे पाहिलेही नाही. त्यांनी बादलीभर पाणी आणि ओंजळभर खडे मीठ मागितले. कन्सोलला दृष्ट लागली असा व्यापाऱ्यांच्या पत्नीचा आधीपासूनच संशय होता. त्यांनी मिठाबरोबर मोहरी आणि सुक्या मिरच्याही आणल्या आणि खोके पूर्वेकडे तोंड करून ठेवू का, असे विचारले. वस्तादांनी मीठ तेवढे घेतले, मोहरी फोडणीसाठी परत केली आणि ते अंगणात गेले.

घरातली जादा वीज जिथे तारेने जमिनीत उतरते तो अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, असे त्यांनी विचारले. तो दिसायला वाईट म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यावर पेव्हर ब्लॉक बसवल्याचे व्यापाऱ्यांनी सांगितले. शिष्याचा चेहरा उतरला. पट्टी बसवताना हा प्रश्न त्याने विचारलाच नव्हता.

ब्लॉक उचलले तेव्हा खाली माती कोरडीठाक निघाली आणि तारेचा नट गंजून सुटायला आला होता. वस्तादांनी मेन स्विच बंद करवला, शिष्याकडून जोड घासून नवा नट बसवून घेतला, ओल टिकावी म्हणून खड्ड्यात मीठ टाकले आणि सावकाश पाणी ओतले. नंतर वीज सुरू करून, वाट मोकळी झाली का ते पाहायला अर्थिंगच्या तारेवर टेस्ट लॅम्प लावला. तो लख्ख पेटला.

मग ते म्हणाले, "ही पट्टी विजेचा सगळा तडाखा पोटात घेत नाही. बराचसा या तारेनं जमिनीत सोडते. आपण जमिनीची वाटच सुकवली, मग तिनं तो सोडायचा कुठं? जुनी पट्टी आता बदला, तिनं मार खाल्लाय. तिच्यावरचा दिवा नुसता लागतो म्हणून ती शाबूत समजू नका. उन्हाळ्यात या खड्ड्याला पाणी घाला. आणि आभाळ गडगडलं की सरळ पिन काढून ठेवा. त्याहून मोठा उपाय माझ्याकडंही नाही."

मग शिष्याच्या खांद्यावर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "पंधरा दिवस एकट्यानं सोसलंस. माझ्यापाशी का बोलला नाहीस? मी कशाला आहे?"

शिष्याचे डोळे भरून आले. आपल्याही घरात सगळ्यांचे तडाखे निमूट झेलणारे कोणीतरी असते. त्याला ते उतरवायला जागा आहे का, हे आपण कधी विचारतो?

डोळे पुसून शिष्य व्यापाऱ्यांसमोर गेला. "शेठ, अर्थिंग न तपासताच मी काळजी नको म्हणालो. चूक माझी," तो म्हणाला. व्यापारी म्हणाले, की ब्लॉक तर आपणच बसवले होते.

संध्याकाळी नवी पट्टी बसली आणि खोके उघडले. आजींचा अंगठा आधी वळेचना. मोटार तीनदा भिंतीवर आदळली. चौथ्यांदा ती वळणावरून नीट गेली. आजींनी दुसरा कंट्रोलर शिष्यापुढे सरकवला. "बस इथं," त्या म्हणाल्या, "तुला हरवल्याशिवाय सोडत नाही."