पळणाऱ्याकडे येणारा उजेड

“...म्हणजे यान कितीही जोरात हाकललं, तरी ते उजेडाला गाठणार नाही?” बाबांनी विचारलं.

“गाठणार नाही, बाबा. मागं टाकणं तर दूरच. जसजसं जवळ जावं, तसतसा जोर जास्त लागतो. शेवटच्या धक्क्याला साऱ्या जगाचा जोरही अपुरा.”

“हे तुला कधी कळलं?”

“पुस्तकात होतंच. मला वाटलं, पुस्तकच चुकलं असेल.”

बाबा खळखळून हसले. व्यंकटलाही हसू आलं.

याच टेकडीवरच्या मठात बाबांनी पोरक्या व्यंकटला वाढवलं, अंगणात शेजारी निजवून तारे ओळखायला शिकवलं. शहरात शिकायला निघताना या पठ्ठ्यानं पण केला होता, “उजेडाला मागं टाकणारं यान बांधीन, तोवर तोंड दाखवणार नाही!” आकाशाला गवसणी घालायला निघालेल्याला चौदा वर्षांनी स्वतःच्याच गणितातली चूक सापडली. आता तो नाक मुठीत धरून आला होता. बाबांच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि निघायचं, एवढंच ठरवून.

येऊन पाहतो तर बाबांच्या डोळ्यावर पट्टी. एक डोळा कायमचा गेलेला, दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कालच झालेलं.

“चार वर्षं काही दिसत नव्हतं त्यांना,” मठात स्वयंपाक करणाऱ्या शेवंताबाईंनी त्याला दारातच सांगितलं होतं. “पत्रं मीच लिहायची. ते सांगायचे.”

दर संक्रांतीला न चुकता पत्र यायचं, सोबत तिळगुळाची पुडी. व्यंकटनं एकाचंही उत्तर धाडलं नव्हतं. मधेच कधीतरी अक्षर बदललं, हेसुद्धा त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

“चला बाबा, पट्टी काढायची वेळ झाली,” शेवंताबाई हात धुऊन आल्या.

व्यंकट गुपचूप उठला. बाबांना दिसायच्या आत निसटावं म्हणून दाराकडे वळला.

“व्यंकट,” बाबा म्हणाले, “जाता जाता एवढं सांग. मी उजेडाच्या दिशेनं धावलो, तर तो माझ्याकडे जास्त वेगानं येईल?”

“नाही, बाबा. तेवढ्याच वेगानं.”

“आणि इथंच बसून राहिलो तर?”

“तेवढ्याच.”

“आणि पाठ फिरवून पळत सुटलो तर... मग तर मागं पडत असेल बिचारा?”

“नाही. पळणाऱ्याकडेही तो... तेवढ्याच...”

शहरात पोटासाठी शिकवण्या घेताना हे त्यानं कितीतरी मुलांना शिकवलं होतं. आज मात्र पळणारा तो स्वतःच होता. चौदा पत्रं... चौदा पुड्या...

तो उंबऱ्यावरून मागे फिरला आणि बाबांच्या पुढ्यात येऊन बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कितीतरी वर्षांनी त्याला कुणाचे तरी उपकार मानावेसे वाटत होते.

शेवंताबाईंनी पट्टी सोडली. बाबांनी डोळा किलकिला केला. आधी अंगणातलं ऊन दिसलं, मग व्यंकटचा चेहरा...

“फार उशीर केला मी, बाबा.”

“उशीर कुठला रे? मी तर आत्ताच डोळा उघडला.”