पोपट आणि कापडी हत्ती

पाखरं आणि खेळणी आपसात बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. चार वर्षांची इंदू बोलताना अडखळे. ती "मला पा... पा..." म्हणाली, की पिंजऱ्यातला पोपट "पाणी!" असं ओरडे आणि सगळे हसत. मग इंदू गप्प होई.

दुपारी मात्र ती कापडी हत्तीला मांडीवर घेऊन गोष्टी सांगे. एकेका गोष्टीला तासही लागे.

"अरे गाठोड्या, मला माणसांचे पन्नास शब्द येतात," पोपट हत्तीला म्हणाला. "तुला एक तरी येतो का? तू तिला काय शिकवणार?"

"मला तिचं वाक्य संपेपर्यंत थांबता येतं," हत्ती म्हणाला.

एके दिवशी हत्तीची शिवण उसवली. "जुना झाला गं हा," आई म्हणाली. "याचा कापूस उशीत भरते." तिने कात्री उचलली.

इंदूने हत्तीला छातीशी धरलं. "आई, त्याला... त्याला..."

"कापा!" पोपट ओरडला.

या वेळी इंदू गप्प झाली नाही. हत्तीशी बोलताना घेई तेवढाच वेळ घेत ती म्हणाली, "त्याला का... कापू नकोस. माझी गोष्ट अर्धी राहिलीय."

आईने कात्री खाली ठेवली आणि सुईत दोरा ओवला.