कुंभारीण आणि मातीतले बेडूक

फार पूर्वीची गोष्ट. गाव नदीच्या अलीकडे होतं की पलीकडे, हे आता खात्रीने सांगता येत नाही. पण तळं होतं, हे नक्की, आणि तळ्याकाठी एक कुंभारीण राहत होती.

त्या गावात ज्याला त्याला कसली ना कसली भीती. तेल्याला मांजर दिसलं की घाम फुटे. शिंपिणीला कोंबडीची फडफड सोसत नसे. वैद्यबुवांसमोर झुरळाचं नुसतं नाव काढलं तरी त्यांचं जेवण राही. पण हे सगळं दाराआड. कुंभारीण बेडकाला भिते, हे मात्र साऱ्या गावाला ठाऊक होतं, कारण ती चाकावरून किंचाळत उठायची.

नवरा होता तोवर माती तोच आणायचा. तो गेला आणि पंचाईत झाली. तळं आटलं की बेडूक ओल्या मातीत दडून बसतात. आणि गावचा रिवाज असा, की अक्षय्य तृतीयेच्या आत प्रत्येक कुंभाराने तळ्यातल्या आपल्या मातीच्या खाणीतली पहिली पाटी हाताने उकरून भरायची, कुदळ नंतर. पाटी भरली नाही, तर खाण दुसऱ्याची. खाण गेली की चाक थांबणार, आणि चाकावर तर तिची दोन पोरं जगत होती.

शेवटच्या दिवशी ती तळ्यात उतरली. काठावर गाव जमलं.

"वहिनी, बेडूक काय गिळणार आहे तुम्हाला?" पैलवान म्हणाला. लोक हसले.

"नाही गिळणार, भाऊजी. माहीत आहे मला. तरी भीती वाटते."

"मग घरी जा की."

"का म्हणून जाऊ? भीती माझी आहे, तशी खाणही माझीच आहे. माझी पाटी भरेपर्यंत तुम्ही खुशाल हसा."

तिसऱ्याच ओंजळीत काहीतरी गार, मऊ हललं. ती किंचाळली, मागे पडली, रडली. मग उठून तिने पुन्हा हात घातला. पाच बेडूक निघाले. पाच वेळा ती किंचाळली. पाटी भरली तेव्हा काठावर कोणी हसत नव्हतं. शिंपीण खाली उतरली, पाटीला हात लावत हळूच म्हणाली, "मला कोंबडीचं होतं बाई असं."

कुंभारणीची भीती काही गेली नाही. ती दर वर्षी किंचाळत राहिली आणि दर वर्षी पाटी भरत राहिली.

पैलवान मडकं घ्यायला आला तरी छपराखाली येत नसे, हे तिने केव्हाच हेरलं होतं. बऱ्याच वर्षांनी त्याच्या बायकोनेच सांगितलं, "घरात पाल दिसली की आमचे हे चार दिवस तालमीत मुक्कामाला असतात."

तात्पर्य एवढंच: भीती जाण्याची वाट पाहत बसू नये. भीतीसकट मातीत हात घालावा.